काळ्या टोकांची काडी

माझ्या पायाचा नंबर विचारला तर मला आजही चटकन सांगता येत नाही. एका कंपनीत मी पाच, दुसरीत सहा, मुलांच्या खेळाच्या बुटांत चार आणि परदेशी बुटांत थेट अडतीस. पाय तोच, त्याची पाचही बोटं तीच, तरी दर दुकानात त्याचं नवं बारसं होतं. दुकानदार समजूत काढतो, की मॅडम, कंपनी-कंपनीवर असतं ते. मी मान डोलावते. हेच वाक्य एकदा मी स्वतः वापरलं होतं, आणि खोटं झाकायला वापरलं होतं. त्यामुळे ते ऐकलं की माझे कान अजून गरम होतात.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि आम्ही धुळ्यात राहत होतो. नाना, म्हणजे माझे वडील, सरकारी ऑफिसात होते आणि मी कॉलेजात पहिल्या वर्षाला. आमच्या भूगोलाच्या सरांना डोंगरांचं वेड. त्यांनी कॉलेजात गिर्यारोहण मंडळ काढलं होतं. दर रविवारी सकाळी आम्ही एसटीनं लळिंगला जायचो. किल्ल्याखालच्या कातळावर सर वरून दोर सोडायचे, तो कमरेला बांधायचा आणि चढायचं. वीस-बावीस मुलं आणि एक मुलगी. ती मुलगी म्हणजे मी.

हे मिळवायला मी घरात दोन दिवस जेवले नव्हते. आईचं म्हणणं, हातपाय मोडून घेतलेस तर पुढे कोण पदरात घेईल. नाना म्हणाले, जाऊ दे एकदा, आपोआप कंटाळेल. मी कंटाळले नाही. वर्षभरात मला कातळावरच्या दोन वाटा पाठ झाल्या. मुलं मला वाट करून द्यायची, आणि कॉलेजच्या व्हरांड्यातून जाताना कुणी तरी दुसऱ्याला हळूच सांगायचं की ही ती कातळवाली. ते ऐकायला मी मुद्दाम चाल हळू करायची. आयुष्यात पहिल्यांदा काही तरी फक्त माझं होतं.

दुसऱ्या वर्षी आमच्या घरी माझी आतेबहीण राहायला आली.

आम्ही आत्याला फुई म्हणतो. फुईचं गाव पिंपळनेरच्याही पुढे, डोंगराला टेकलेलं. कोरडवाहू शेती, चार शेळ्या, एक बैलजोडी. बारावीला तिच्या मुलीला चांगले मार्क पडले म्हणून नानांनी तिला पुढच्या शिक्षणाला आमच्याकडे आणलं. माझ्याहून वर्षभरानं लहान, म्हणून मला ताई म्हणायची. माझ्या खोलीत तिची लोखंडी ट्रंक आली, माझ्या कपाटातला एक कप्पा गेला. त्याचंही मला तितकं काही वाटलं नाही. वाटायला लागलं ते आठवडाभरानं, जेव्हा ती सकाळी आईच्या आधी उठून भाकरी थापायला लागली आणि आई माझ्याकडे बघून पोळपाट पुसायला लागली.

नानांचं तर विचारूच नका. ऑफिसातून आले की पहिली हाक तिला. बहिणीची मुलगी, परक्या घरी आलेली, तिला अवघडल्यासारखं होऊ नये, हे सगळं मला समजत होतं. समजत होतं तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका रविवारी नाना म्हणाले, हिलाही ने की बरोबर, घरात बसून काय करील. मी नेली. मनात म्हटलं, वर बघूनच गरगरेल. सरांनी तिला विचारलं की आधी कधी चढलीस का. ती म्हणाली, नाही. तिला खरंच वाटत होतं की ती कधी चढलेली नाही. शेळ्यांमागे डोंगरावर जाणं आणि चिंचेच्या शेंड्यापर्यंत पोचणं याला चढणं म्हणतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं चपला काढून बाजूला नीट जोडून ठेवल्या, साडीचा पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि जी वाट शिकायला मला तीन महिने लागले होते ती पहिल्याच फेरीत पार केली. वर पोचल्यावर तिनं सरांना विचारलं की आता उतरू का.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. न वाजवून सांगते कुणाला.

त्या दिवसापासून माझा जीव जळायला लागला, तो जळतच राहिला. रात्री ती शेजारी शांत झोपायची आणि मी तिच्या पायांकडे बघत बसायची. रुंद, टाचांना भेगा पडलेले, बोटं एकमेकांपासून सुटी. माझे पाय गोरे, निमुळते, जपलेले. लांबी मात्र दोघींची सारखीच होती. आम्ही एकमेकींच्या चपला घालून दुकानात जायचो, इतकी सारखी. म्हणजे पायात कमी-जास्त काही नव्हतं. जे काही होतं ते तिच्यातच होतं, आणि ते मला कुठल्या दुकानात मिळणार नव्हतं.

पण अनवाणी किती दिवस चढणार, म्हणून सरांनी बूट घ्यायला सांगितलं. तेव्हा आमच्याकडे कातळ चढायचे वेगळे बूट मिळत नव्हते. पातळ रबरी तळव्याचे कॅनव्हासचे बूट घ्यायचे आणि त्यावर भागवायचं. नाना आम्हा दोघींना घेऊन आग्रा रोडवर फिरले. पहिल्या दुकानात पाच नंबर बरोबर बसला. त्या दुकानात हवा तो रंग नव्हता, म्हणून दुसऱ्यात दुसऱ्या कंपनीचा पाच मागितला, तर टाच बाहेर. तिसऱ्यात सहा सैल, पाच तंग, आणि साडेपाच बनतच नाही म्हणे. नाना चिडले. पुढे त्यांचं जळगावला काम निघालं तेव्हा आम्हालाही नेलं आणि फुले मार्केटात पुन्हा तोच खेळ. तिथे मुलांचा चार नंबर दोघींना बसला. नानांनी मोजदाद सोडून दिली आणि चाराच्याच दोन जोड्या बांधून घेतल्या, त्याही अंगठ्यापुढे बोटभर जागा आहे हे दाबून बघून.

ही बोटभर जागा आमच्या घरात शाळेपासून ठरलेली होती. बूट वाढत्या पायाचे घ्यायचे, पुढे कापसाचा बोळा घालायचा आणि तो दरवर्षी लहान करत जायचा. पाय वाढायचे कधीच थांबले होते, तरी बोटभर जागा थांबली नव्हती. तंग बूट म्हणजे फसलेला व्यवहार. तंग बुटाचा काही उपयोग असू शकतो असं आमच्या खानदानात कुणाच्या मनात आलं नसेल.

फुईच्या गावी तर याची वेगळीच रीत होती. बाजाराला घरातलं एकच माणूस जायचं, बाकीच्यांचे पाय घरीच. मग प्रत्येकाला जमिनीवर उभं करायचं, टाचेपासून अंगठ्यापर्यंत तुरीची काडी धरायची आणि तेवढी तोडायची. त्या काडीला दोरा बांधायचा, ज्याचा त्याचा रंग ठरलेला. आतेबहिणीचा लाल. बाजारात काडी बुटात घालून बघायची, पुढे बोटभर जागा राहिली की बूट घ्यायचा. फुई आणखी एक करायची. काडीची दोन्ही टोकं चुलीत धरून काळी करायची. काडी कुठे तुटली, झिजली की आतलं पांढरं दिसतं आणि माप खोटं झालं हे लगेच कळतं. आतेबहीण धुळ्याला आली तेव्हा तिची काडीही ट्रंकेत आली होती. माणूस समोर असताना काडी कशाला, म्हणून मी हसले होते. ती म्हणाली होती, मायनं दिली, राहू दे.

दिवाळीनंतर सरांनी वर्गाबाहेर बोलावून दोघींना सांगितलं की उन्हाळ्यात हिमाचलात महिन्याभराचा गिर्यारोहणाचा कोर्स आहे आणि कॉलेज एका मुलीला पाठवणार आहे. एका. लळिंगच्या कातळावर निवड करायची आणि त्यासाठी पुण्याचे त्यांचे एक मित्र येणार, म्हणजे कुणाला पक्षपात म्हणायला जागा नको. हेच मित्र दरवर्षी दिल्ली-मनालीकडे जायचे. तिथे परदेशी चढाईवाले परत जाताना आपलं सामान विकून जात. सरांनी नानांना विचारलं की मुलींसाठी खरे कातळाचे बूट मागवू का. नाना म्हणाले, मागवा, पण दोघींना सारखेच. नानांच्या तोंडून हे सारखेच ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

पुण्याहून त्या मित्रांचं पत्र आलं आणि सरांनी निरोप दिला, की नंबर कळवू नका, प्रत्येक देशाचा आणि प्रत्येक कंपनीचा नंबर वेगळा असतो, पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहा. उलट पत्र त्याच दिवशी टपालात पडायला हवं होतं. माझं अक्षर चांगलं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

आतेबहीण तेव्हा स्वयंपाकघरात आईला मदत करत होती. मी दारातून म्हटलं, ये, पाय मोजू. तिचे हात पिठात होते. तिनं मान वळवली आणि आपल्या गावाकडच्या अहिराणीत म्हणाली, "ट्रंकमा काडी शे ताई, तीच मोज. मायनी करेल माप शे."

मी खोलीत आले, ट्रंक उघडली. फुईच्या जुन्या लुगड्याच्या घडीत काडी होती. लाल दोरा, दोन काळी टोकं. मी आधी माझा पाय कागदावर ठेवून पेन्सिलनं आखला, पट्टी लावली. चोवीस. मग काडीला पट्टी लावली. तीही चोवीस, केसाचाही फरक नाही.

त्या चोवीसकडे बघताना मला काय झालं ते मी आता शहाणपणानं सांगू शकेन, पण तेव्हा शहाणपण नव्हतं. स्वयंपाकघरातून तिचं आणि आईचं हसणं ऐकू येत होतं. माझी आई माझ्याशी बोलताना कधी तशी हसत नसे. मी काडीचं एक टोक अंगठ्याच्या आणि बोटाच्या नखात धरलं आणि दाबलं. तुरीची वाळलेली काडी, तिला किती जोर लागणार. नखाएवढा काळा तुकडा तुटून माझ्या मांडीवर पडला.

मग मी उरलेल्या काडीला पट्टी लावली आणि जे दिसलं तेच लिहिलं. तेवीसला थोडं कमी. मला आठवतं, मी स्वतःला बजावलं होतं की मी खोटं लिहिलेलं नाही. काडी जेवढी होती तेवढी मोजली. माझ्या नावापुढे मात्र साडेचोवीस लिहिलं, अंगठ्यापुढच्या जागेसाठी. पुण्याचे गृहस्थ बिचारे सांगतील ते आणणार. तिला तंग, मला ऐसपैस. पाय आखडल्यावर कशी चढते बघू.

तुटकं टोक पांढरं फटक दिसत होतं. मी काडी लुगड्यात गुंडाळून होती तशी ठेवली आणि काळा तुकडा मोरीत टाकून वर तांब्याभर पाणी ओतलं. पुढे दोन-तीन दिवस ती ट्रंक उघडायची तेव्हा मी पुस्तकाआडून बघत राहायची. ती कपडे काढून झाकण लावायची. मी ठरवून टाकलं की तिनं काडी बघितलीच नाही.

निवडीच्या दहा दिवस आधी बूट आले. वापरलेले, पण आम्ही असले बूट जन्मात पाहिले नव्हते. मऊ कातडं, काळं चिकट रबर, तळव्याला एकही नक्षी नाही. दोन्ही वेगळ्या कंपन्यांचे. माझ्या जोडीवर आत एकोणचाळीस छापलेलं, तिच्या जोडीवर सदतीस. नानांनी दोन्ही बूट चष्मा वर करून पाहिले. म्हणाले, तुमचे पाय तर एकाच मापाचे ना, मग हे दोन नंबरांचं अंतर कसं?

मी लगेच म्हणाले, "नाना, कंपनी-कंपनीवर असतं ते. आग्रा रोडवर नाही का आपण पाहिलं?"

नानांना आग्रा रोड आठवला आणि त्यांनी चष्मा खाली केला. आतेबहीण पाटावर बसून बूट चढवत होती. टाच आत जायला तिला दोन्ही हातांनी ओढावं लागलं. उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा बदलला. मी बघत होते, मला बघायचंच होतं. तिच्या ओठांची कड पांढरी झाली. आईनं विचारलं, बसतात ना गं? ती म्हणाली, बसतात मामी, पायाला नवे आहेत, सैलावतील.

माझे मला सुंदर बसले. आत बोटं हलत होती. मी अंगणात दोन फेऱ्या मारल्या.

सरांनी रोज तासभर बूट घालून फिरायला सांगितलं होतं. मधला रविवार कॉलेजच्या परीक्षेत गेला, त्यामुळे कातळावर जाणं झालं नाही. ती रोज संध्याकाळी बूट घालून भांडी घासायची, दळण निवडायची, आणि नंतर मोरीत कोमट पाण्यात मीठ घालून पाय सोडून बसायची. एकदा मी कंदील न्यायला गेले तर ती अंगठ्याचं नख दाबून बघत होती, निळं पडलेलं. एका शब्दानं सांगितलं असतं तर नानांनी बूट बदलून आणायला सरांना सांगितलं असतं. तिनं सांगितलं नाही. दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्याला हे तंग, ते सैल म्हणायची सवय नसते, हे मला तेव्हा माहीत होतं. मी त्याच्याच भरवशावर होते.

निवडीच्या सकाळी पुण्याचे गृहस्थ आले. उंच, उन्हानं रापलेले, फार न बोलणारे. त्यांनी आमच्या नेहमीच्या वाटा बघितल्या आणि त्या सोडून देऊन बाजूचा उभा कातळ निवडला. त्यावर धरायला कपारी नव्हत्या, पाय ठेवायला फक्त बोटाच्या पेराएवढ्या कडा होत्या. वर सर दोर धरून बसले. आधी मी.

पहिल्या दोन कडा ठीक गेल्या. तिसऱ्या कडेवर मी बुटाचं टोक टेकवलं आणि त्यावर भार टाकला. बूट होता तिथेच राहिला, पण आत माझा पाय फिरला. टोकातल्या रिकाम्या जागेला काही धर नव्हता, ते वाकलं आणि मी सुटले. दोरावर लटकले, गुडघा सोलला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तिथेच पाय आतल्या आत सरकला. तिसऱ्या वेळेलाही सुटले आणि सरांनी मला खाली घेतलं.

मग ती चढली. मला ते सगळं आठवतं. ती अनवाणी चढायची त्याहूनही बरी चढली. ज्या कडेवरून मी तीनदा सुटले तिच्यावर ती एका अंगठ्यावर उभी राहिली, वर बघितलं, विचार केला, ओढणीला हात पुसला आणि पुढची कड धरली. चेहरा दुखण्यानं आवळलेला, पण पाय खिळ्यानं ठोकल्यासारखे. वर पोचल्यावर तिनं पहिलं काम केलं ते बसून नाड्या सोडण्याचं.

पुण्याचे गृहस्थ तिच्या बुटांवर वाकले. पुढून दाबून बघितलं, टाच बघितली. मग माझे बघितले आणि हसले. म्हणाले, कातळाचे बूट असेच हवेत, बोटं आत दुमडली पाहिजेत, मोकळी जागा राहिली तर पाय आत फिरतो. पत्रात लिहायचं राहून गेलं, चूक माझीच, पण हिचं माप कुणी दिलं? इतकं नेमकं माप पुण्यातली मुलंसुद्धा देत नाहीत.

आतेबहीण म्हणाली, "ताईनं दिलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सर कौतुकानं म्हणाले, स्वतःचं चुकवलंस आणि बहिणीचं बरोबर दिलंस होय. माझी अशी अवस्था झाली की तो कातळ अंगावर आला असता तरी चाललं असतं. केलेल्या दुष्टपणाचं बक्षीस तिला मिळालं होतं आणि शाबासकी मला.

गृहस्थ न्यायी होते. म्हणाले, हिचा दोष बुटांचा आहे, पाय सारखे असतील तर हिला बहिणीचे बूट घालून पुन्हा चढू द्या. आतेबहिणीनं लगेच बूट काढून माझ्यापुढे ठेवले. आत अजून ऊब होती. मी पाय घातला, टाच ओढली आणि उभी राहिले.

कळ अंगठ्यातून निघाली आणि थेट मांडीपर्यंत आली. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मी कातळापर्यंत दहा पावलं चालले आणि एक पाय कडेवर ठेवला, एवढंच. त्यावर भार टाकायची माझी छाती झाली नाही. हे बूट घालून ती दहा दिवस माझ्या आईची भांडी घासत होती. मी खाली बसले, नाड्या सोडल्या आणि म्हणाले की मला नाही जमत. ते एकच वाक्य त्या दिवशी मी खरं बोलले.

निवड तिची झाली.

पुढचे दोन महिने मी घरात कशी वागले ते न सांगितलेलंच बरं. तिच्याशी कामापुरतं बोलायची. तिची तयारी चालली होती, नाना लोकरीची टोपी आणत होते, आई चिवड्याचे डबे भरत होती, आणि मी अभ्यासाचं निमित्त करून गच्चीवर उन्हात बसत होते. तिच्या जागी मी असते, हे मी दिवसातून पन्नास वेळा स्वतःला सांगायची. काडी तोडली नसती तर दोघींचे बूट एकसारखे सैल आले असते आणि कदाचित मीच गेले असते, हा हिशोब तर मला झोपू देत नव्हता. अपराध वाटण्याआधी मला तोटाच दिसला, हे कबूल करते.

मे महिन्यात ती निघाली. धुळ्याहून एसटीनं जळगाव, तिथून दिल्लीची रेल्वे, सोबत जळगावच्या कॉलेजातल्या दोन मुली आणि एक मॅडम. स्टँडवर आम्ही सगळे गेलो होतो. फुई सकाळच्या गाडीनं गावाहून आली होती, हातात कापडी पिशवी. पिशवीतून तिनं मुलीसाठी पिंपळनेरच्या बाजारातून आणलेल्या नव्या चपला काढल्या. जाड, चांगल्या शिवणीच्या. म्हणाली, मोठ्या ठिकाणी चाललीस, जुन्या चपला नकोत.

आतेबहिणीनं चपलेत पाय घातला. टाच मागे उतरली.

फुई चक्रावली. तिनं पिशवीत हात घालून काडी काढली, लाल दोऱ्याची. संक्रांतीला मुलगी गावी गेली होती तेव्हा तिनंच ती परत नेऊन दिली होती म्हणे. फुईनं काडी चपलेवर धरली. बरोबर, टोकाला टोक; बोटभर जागा बुटाला सोडायची, चपलेला नाही. मग काडी उन्हात धरून दोन्ही टोकं बघितली, आणि मीही बघितली. दोन्ही काळी होती.

मी तोडलेलं टोक पांढरं असायला हवं होतं. ते कुणी तरी नीट जाळून काळं केलं होतं. आमच्या घरात चूल नव्हती, स्टोव्ह होता, आणि त्या स्टोव्हजवळ रोज सकाळी सगळ्यांआधी एकच जण उभी असायची.

फुई म्हणाली, "काडी त बराबर शे. पाय वाढना का तुना, या वयमा?"

आतेबहिणीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "हां माय, वाढना."

म्हणजे तिला संक्रांतीच्याही आधीपासून माहीत होतं. बूट यायच्या आधीपासून. दुसरं पत्र टाका एवढं तिनं नानांना नुसतं सांगितलं असतं तरी पुरे होतं. तिनं सांगितलं नाही, टोक जाळलं, बूट घातले, मिठाच्या पाण्यात पाय बुडवले आणि मला ताई म्हणत राहिली.

फुईनं ती काडी मोडून फेकली. स्टँडच्या भिंतीला झाडूवालीचा खराटा टेकवलेला होता, त्यातली एक काडी तिनं उपसली आणि माझ्या हातात दिली. तिचे गुडघे दुखायचे, खाली वाकवत नव्हतं. म्हणाली, तू मोज. आतेबहिणीनं चपला काढल्या आणि फरशीवर पाय ठेवला. मी तिच्या पायाशी बसले. अंगठ्याचं नख अजून निळं होतं, मुळाशी नवं पांढरं नख येत होतं. मी टाचेला काडी लावली, अंगठ्यापर्यंत आणली आणि तोडायला नख लावलं. माझा हात थांबला.

ती वाकली. अगदी माझ्या कानाजवळ, फुईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "नीट तोड ताई. हाई बूटनं माप नही, चप्पलनं शे."

मी तोडली. चहावाल्याच्या स्टोव्हवर जाऊन दोन्ही टोकं जाळली, बोटं भाजली तरी धरून ठेवली. परत येऊन फुईच्या हातात दिली. फुईनं उन्हात धरून टोकं पाहिली आणि मुलीला विचारलं की बरोबर आहे ना. ती तोवर खिडकीत जाऊन बसली होती, पायात जुन्याच चपला.

"ताईनी तोडेल शे," ती म्हणाली. "बराबरच व्हई."

गाडी सुटली. तिनं खिडकीतून हात हलवला, आधी फुईला, मग नानांना, मग मला. मला तेव्हाही हेवा वाटला, हे खोटं कशाला सांगू. फुई नव्या चपला पिशवीत भरत मला विचारत होती की या तुझ्या पायाला बसतात का बघ, आणि मला तिथे सगळ्यांसमोर पाय पुढे करावा लागला. बसल्या नाहीत. टाच तेवढीच बाहेर राहिली.